काळी-पिवळीतली मर्सिडीज

चाकांवरचा महाराष्ट्र : लेखांक ११

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन सौदा केला आणि एका दमात दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या. रक्कम होती सुमारे ६५ कोटी रुपये. त्यातला मोठा वाटा स्टेट बँकेच्या कर्जाचा, तेही ७ टक्के व्याजानं. पत्रकार पी. साईनाथ यांनी लगेच दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं: त्याच मराठवाड्यात ट्रॅक्टरसाठी कर्ज काढणारा शेतकरी याहून कितीतरी जास्त व्याज भरत होता. वाद रंगला, तरी गाड्या घेणाऱ्यांचा हेतू साधला. औरंगाबादेत पैसा आहे, हे देशभर कळलं.

हेच सांगायला मर्सिडीजच का लागली? तारा दिसला की समोरचा श्रीमंती ओळखतो, हे झालंच. पण त्या ताऱ्यामागे आणखी एक समजूत उभी आहे: जर्मन गाडी मोडत नाही, पिढ्यान् पिढ्या चालते. ही समजूत कुठून आली, हे शोधायला निघालं तर वाट शोरूमकडे जात नाही. ती थेट यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या बसस्थानकाबाहेरच्या काळी-पिवळीपर्यंत येते.

आधी ग्रीसला जाऊ. थेस्सालोनिकी शहरातले टॅक्सीचालक ग्रेगोरिओस साचिनिदिस यांनी १९८१ मध्ये एक जुनी मर्सिडीज २४० डी घेतली. मॉडेल १९७६ चं, आधीच २ लाख २० हजार किलोमीटर पळालेलं. २००४ मध्ये त्यांनी ती कंपनीच्या संग्रहालयाला दिली, तेव्हा एकूण हिशेब ४६ लाख किलोमीटरवर गेला होता. हा पल्ला एकाच इंजिनानं मारला नाही. साचिनिदिस इंजिनं आलटून-पालटून बसवत. एक गाडीत, दुसरं दुरुस्तीला. विक्रमाचा मक्ता जर्मनांकडे आहे असंही नाही. अमेरिकेतल्या अर्व्ह गॉर्डन यांनी १९६६ ची स्वीडिश व्होल्वो ३० लाख मैलांपार, म्हणजे ४८ लाख किलोमीटरच्या पुढे नेली.

साचिनिदिस यांच्या गाडीतलं इंजिन होतं ओएम ६१६. चार सिलिंडर, २.४ लिटर, डिझेल. ताकद जेमतेम ६५ अश्वशक्ती. बिडाचा जाडजूड ब्लॉक, मंद फेरे. डिझेल आधी एका छोट्या प्री-चेंबरमध्ये पेटायचं, मग सिलिंडरमध्ये यायचं. त्यामुळे नोझलवर दाब कमी. सव्वाशे बारच्या आसपास काम भागायचं आणि थोडं हलकं, गाळमिश्रित डिझेलही ते पचवायचं. घाई त्याच्या स्वभावात नव्हती. म्हणूनच ते झिजायचंही सावकाश.

हेच इंजिन पुण्याजवळच्या आकुर्डीत तयार होऊ लागलं. अहमदनगरचे स्वातंत्र्यसैनिक आणि उद्योजक नवलमल फिरोदिया यांनी हॅम्बर्गच्या टेम्पो कंपनीशी सहकार्य करून १९५८ मध्ये बजाज टेम्पोची उभारणी केली. पुढे या कंपनीनं मर्सिडीज बनवणाऱ्या डाइमलर-बेंझकडून ओएम ६१६ चा परवाना घेतला. १९८७ मध्ये ट्रॅव्हलर आली. तिचा सांगाडाही मर्सिडीजच्या जर्मन व्हॅनवर बेतलेला. पाठोपाठ ट्रॅक्स आली. कंपनीचं नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झालं, पण माणसं अजून ‘टेम्पो ट्रॅव्हलर’च म्हणतात.

पुसदसारख्या तालुक्याला ट्रॅक्सनं काय दिलं, हे नकाशा पाहिला की कळतं. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाचा वर्धा ते कळंब एवढाच टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. पुसदपर्यंत तो पोचलाच नव्हता. पुसदकरांचं सगळं येणंजाणं रस्त्यानं. दिग्रस, उमरखेड, महागाव, वाशिम, माहूरची रेणुकामाता, कुठंही जायचं तर एसटी, नाहीतर काळी-पिवळी, म्हणजे ट्रॅक्स. आतल्या सीटा भरल्या की मागं दाटीवाटी, टपावर बोचकी, आणि वाशिमच्या वाटेवर खंडाळ्याचा घाट. ठरलेल्या संख्येच्या दुप्पट माणसं घेऊन दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढणारं ते इंजिन मूळचं स्टुटगार्टच्या कंपनीचं, याची आतल्या प्रवाशांना कल्पना नसायची. ड्रायव्हरला बहुधा असायची. ‘मर्सिडीजचं इंजिन आहे’ हे वाक्य ट्रॅक्स विकतानाही कामी यायचं.

इंजिन ‘बसलं’ तरी घाबरायचं कारण नव्हतं. गावातला फिटर हेड उतरवायचा, लायनर-पिस्टन बदलायचा, पंप आणि नोझल कॅलिब्रेशनला पाठवायचा आणि गाडी पुन्हा लाईनवर. स्कॅनर लागत नव्हता. पाने, जॅक आणि कानानं आवाज ओळखणारा मिस्त्री पुरेसा होता. थेस्सालोनिकीच्या टॅक्सीवाल्याचं आणि पुसदच्या काळी-पिवळीवाल्याचं गणित इथं जुळतं. दोघांच्याही गाड्या बिघडत होत्या. बिघाड स्वस्तात, जवळच आणि हव्या तितक्या वेळा दुरुस्त होत होता, म्हणून त्या लाखो किलोमीटर धावल्या.

आजच्या आलिशान गाड्यांचं नेमकं इथंच बिनसतं.

नव्या डिझेल मर्सिडीजमध्ये इंधन दोन हजार बारच्या दाबानं फवारलं जातं. त्यामुळे गाडी जास्त चपळ, जास्त किफायतशीर आणि कितीतरी स्वच्छ झाली. पण त्या दाबाला डिझेलमधला बारीकसा कचराही खपत नाही. धूर गाळणारा फिल्टर तापून साफ व्हायला गाडी मोठ्या रस्त्यावर सलग चालावी लागते. बाजारपेठ ते घर एवढीच फिरली तर तो तुंबतो. हवेच्या सस्पेन्शनचा रबर फुगा फुटला की सकाळी गाडी एका बाजूला बसलेली दिसते. हे दोष फिटरच्या कानाला ऐकू येत नाहीत.

कंपन्याही चुकल्या. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धातल्या मर्सिडीजच्या वायरिंगचं आवरण उष्णतेनं तडकून गळायचं. इलेक्ट्रॉनिक ब्रेकच्या तक्रारींसह अनेक दोषांपायी मार्च २००५ मध्ये कंपनीला १३ लाख गाड्या तपासणीसाठी परत बोलवाव्या लागल्या. बीएमडब्ल्यूच्या एका गाजलेल्या डिझेल इंजिनात टायमिंग चेन मागच्या बाजूला होती. ती झिजली की बहुतेक वेळा अख्खं इंजिन बाहेर काढावं लागे.

गाडीच्या लौकिकाला चालकाचाही हात लागतो. हेलसिंकी विद्यापीठातल्या संशोधकांनी फिनलंडमधल्या १,८९२ गाडीमालकांचा अभ्यास केला. हेकेखोर, भांडखोर, इतरांची पर्वा न करणारे पुरुष ऑडी, बीएमडब्ल्यू, मर्सिडीजकडे जास्त झुकतात, असं त्यात आढळलं. पण त्याच गाड्यांकडे शिस्तशीर, जबाबदार माणसंही झुकत होती, स्त्रिया आणि पुरुष दोन्ही. आपल्याकडे पहिल्या गटाचीच बातमी होते. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. चालवणारा अल्पवयीन होता, असं पोलिसांनी सांगितलं, आणि जामिनाच्या अटीतल्या तीनशे शब्दांच्या निबंधानं राज्य संतापलं. मजबूत सांगाडाही सगळं सांभाळत नाही. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री बसलेली मर्सिडीज पुलाच्या कठड्यावर आदळली, तेव्हा पुढचे दोघे वाचले. मिस्त्रींसह मागच्या सीटवरच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, ते गेले.

आता जुन्या बाजारात दहा-बारा वर्षांची मर्सिडीज सी-क्लास किंवा ऑडी ए-फोर नव्या मध्यम गाडीच्या भावात मिळते आणि तालुक्याच्या गावातल्या माणसालाही मोह होतो. गाडीचा भाव उतरला तरी तिच्या सुट्या भागांचा उतरत नाही, हे सौद्याआधी लक्षात घ्यायचं. सर्व्हिसची सगळी बिलं मागायची. सकाळी थंड इंजिन सुरू करून चेनचा खडखडाट ऐकायचा. गाडी रात्रभर उभी ठेवून चारही कोपऱ्यांची उंची पाहायची. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं, हे विचारायचं. पुसदहून कंपनीचं सर्व्हिस सेंटर गाठायला नागपूर किंवा संभाजीनगर, म्हणजे दोन-तीनशे किलोमीटर. गाडी बंद पडली तर टोइंगचं भाडंही हिशेबात धरायचं. आणि आपल्या गावात तिला स्कॅनर लावणारा कुणी आहे का, याची चौकशी टोकन देण्याआधीच करायची.

(पुढील लेखांकात : शेंद्र्याच्या एमआयडीसीत ऑडी कशी जुळवली जाते)