मायग्रेन, आहार आणि व्यायाम : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मायग्रेन म्हणजेच अर्धशिशी हा मेंदूचा आजार आहे. डोकेदुखी हे त्याचे सर्वांत ठळक लक्षण, एकमेव नव्हे. औषध न घेतल्यास दुखणे ४ ते ७२ तास टिकते, बहुधा एका बाजूला ठणकते, जिना चढला किंवा नुसते वाकले तरी वाढते. सोबत मळमळ, उलटी, उजेड आणि आवाज नकोसे होणे हेही असते. जगात साधारण सातांपैकी एकाला हा आजार आहे. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण दुप्पट ते तिप्पट आढळते.

वजन कमी करायचे, साखर आटोक्यात आणायची, दम वाढवायचा अशी उद्दिष्टे मायग्रेन असलेल्यांचीही असतात. ती अनेकदा अर्ध्यावर सुटतात, आणि त्याचा दोष आजारापेक्षा आजाराविषयीच्या समजुतींकडे अधिक जातो. मायग्रेनचा मेंदू बदलाला फार संवेदनशील असतो. जेवणाची वेळ, झोप, चहा, श्रम यांपैकी काहीही अचानक बदलले की तो बिथरतो. बहुतेक डाएट आणि फिटनेसचे बेत मात्र सोमवारपासून सगळे एकदम बदलण्याचे असतात.

‘हे पित्ताचे डोके आहे’

महाराष्ट्रातल्या घराघरांत ही समजूत पक्की आहे. डोके दुखते, मळमळते, उलटी होते आणि मग बरे वाटते. तेव्हा पित्त चढले होते, ते पडून गेले, असा हिशेब मांडला जातो. परिणामी वर्षानुवर्षे ॲसिडिटीच्या गोळ्या घेतल्या जातात, आंबट आणि तुरीची डाळ बंद होते, रात्रीचे जेवण टाळले जाते आणि मायग्रेनचे निदान होतच नाही.

मळमळ आणि उलटी ही मायग्रेनचीच लक्षणे आहेत. चेहरा आणि मेंदूच्या आवरणाच्या संवेदना वाहणारी ट्रायजेमिनल चेता उत्तेजित झाली की तिच्या टोकांतून सीजीआरपी नावाचे प्रथिन बाहेर पडते आणि वेदनेचे चक्र सुरू होते. पीटर गोड्सबी आणि लार्स एडविन्सन यांनी १९९० साली, अटॅक चालू असताना रुग्णांच्या मानेतील शिरेच्या रक्तात हे प्रथिन वाढलेले असते, हे दाखवले. या दिशेच्या कामासाठी त्या दोघांना मायकेल मॉस्कोवित्झ आणि येस ओलेसेन यांच्यासह २०२१ चे ब्रेन प्राइज मिळाले. अटॅकमध्ये जठराचे कामही मंदावते. म्हणून गोळी उशिरा घेतली तर ती पोटातच पडून राहते आणि ‘गोळी लागूच पडत नाही’ अशी तक्रार होते. काहींचा अटॅक उलटीनंतर ओसरतो हे खरे, पण त्यामुळे दुखण्याचे मूळ पोटात ठरत नाही. ॲसिडिटी आणि मायग्रेन एकाच माणसाला असू शकतात. वारंवार घेतलेल्या वेदनाशामकांनी जठराला सूज येणेही शक्य असते. दोन्हींचे उपचार वेगळे.

‘चॉकलेट, चीज, दही, लिंबू कायमचे बंद’

निषिद्ध पदार्थांच्या याद्या फार सहज हातोहात फिरतात. त्यांतल्या चॉकलेटची गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. १९९७ साली अमेरिकेत वारंवार डोके दुखणाऱ्या ६३ स्त्रियांवर एक चाचणी झाली. त्यांना कधी चॉकलेट, तर कधी चवीने तसाच लागणारा कॅरोबचा पदार्थ दिला गेला. कोणता कधी, हे खाणारीला ठाऊक नव्हते आणि देणाऱ्यालाही. कॅरोबपेक्षा चॉकलेटने जास्त डोकेदुखी झाली नाही, चॉकलेटने आपले डोके दुखते अशी खात्री असलेल्या स्त्रियांमध्येही नाही.

मग इतक्या लोकांचा अनुभव खोटा का? अनुभव खरा असतो, पण त्याचा क्रम उलटा लावला जातो. डोके दुखू लागण्याच्या काही तास ते दोन दिवस आधीच अटॅक मेंदूत सुरू झालेला असतो. या पूर्वकाळात जांभया येतात, मान आखडते, चिडचिड होते, पुन्हा पुन्हा लघवीला जावे लागते आणि गोड खाण्याची अनावर इच्छा होते. भूक आणि झोप यांचे नियंत्रण करणारा हायपोथॅलॅमस त्या वेळी अधिक सक्रिय असल्याचे मेंदूच्या प्रतिमांमध्ये दिसले आहे. म्हणजे चॉकलेट खाल्ले म्हणून अटॅक आला असे नसून, अटॅक येऊ घातला होता म्हणून चॉकलेट खावेसे वाटले असण्याची शक्यता मोठी.

याचा अर्थ कोणत्याच पदार्थाने त्रास होत नाही असा नाही. मद्य, विशेषतः रेड वाइन, अनेकांना बाधते. प्रक्रिया केलेल्या मांसातील नायट्रेटही काहींना चालत नाहीत. अजिनोमोटोवर जितका ठपका येतो तितका पुरावा त्याच्याविरुद्ध नाही. शिवाय एकच कारण क्वचितच पुरेसे ठरते: रात्रीचे जागरण, पाळीचे दिवस, लांबलेले जेवण आणि वर एखादा पदार्थ असे साठत जाऊन सहनशक्तीची रेषा ओलांडली जाते. म्हणूनच एखादी गोष्ट आज बाधते आणि पंधरा दिवसांनी तीच खुशाल पचते.

पदार्थाची परीक्षा वहीत करावी. वहीत तारीख, झोपेच्या वेळा, प्रत्येक जेवणाची वेळ, चहाचे कप, पाळीचा दिवस, व्यायाम, जांभया किंवा मान आखडणे केव्हा सुरू झाले, दुखणे केव्हा आणि गोळी कोणती, एवढ्या नोंदी पुरतात. दोन-तीन महिन्यांत एखाद्या पदार्थावर संशय टिकला तर तेवढा एकच पदार्थ चार आठवडे बंद ठेवून पाहावा, मग पुन्हा सुरू करून पाहावा. फरक नसेल तर तो ताटात परत यावा. दूध, दही, शेंगदाणे, केळी, फळे असे सगळे एकदम तोडले की प्रथिने आणि कॅल्शियम घटतात, भूक वाढते आणि जेवण ही धास्तीची गोष्ट होऊन बसते. हे नुकसान बहुतेक वेळा त्या पदार्थांच्या कल्पित त्रासापेक्षा मोठे असते.

‘लंघन केले की डोके हलके होते’

आहाराविषयीचा सर्वांत महागात पडणारा गैरसमज हाच. उपाशी राहणे हे मायग्रेनच्या सर्वांत नेहमीच्या कारणांपैकी एक आहे. डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात किमान आठ तासांच्या उपवासाने होणाऱ्या डोकेदुखीची स्वतंत्र नोंद आहे, आणि मायग्रेन असलेल्यांमध्ये ती अधिक दिसते.

संकष्टीचा दिवस पाहावा. सकाळी एक कप चहा, दुपारी साडेबाराला वाटीभर साबुदाण्याची खिचडी, मग ऑफिसच्या गडबडीत पाणीही बेताचेच, आणि चंद्रोदय रात्री नऊच्या पुढे. खिचडीनंतर आठ तासांहून अधिक काळ पोटात काही नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट; दाण्याचे कूट सोडले तर प्रथिने नावापुरतीच. संध्याकाळी सहा-सातला डोके उठते आणि खापर फुटते ते खिचडीच्या तुपावर. उपवास करायचाच असेल तर निर्जळी टाळून दर तीन-चार तासांनी खाल्लेले बरे: दुधात राजगिऱ्याच्या लाह्या, वरीच्या तांदळाबरोबर शेंगदाण्याची आमटी, उकडलेले रताळे, दही किंवा ताक. आजारी माणसाला उपवासाची सक्ती नाही, ही मुभा परंपरेतही आहेच.

दिवसातून दोनदाच जेवणे किंवा सोळा तास उपाशी राहणे या वजन घटवण्याच्या पद्धतींनाही हेच लागू होते. वजन उतरते ते पोटात जाणाऱ्या एकूण कॅलरी कमी झाल्याने, आणि त्या जेवणे न चुकवताही कमी करता येतात. रोजच्या गरजेपेक्षा ३०० ते ५०० कॅलरी कमी ठेवल्या तर आठवड्याला पाव ते अर्धा किलो वजन उतरू शकते. त्यासाठी भाताचा एक ढीग कमी, उसळ किंवा अंडे जास्त, तळण क्वचित, गोड चहा निम्मा असे बदल पुरतात. रात्री आठला जेवण आणि सकाळी आठला नाश्ता हा बारा तासांचा खंड बहुतेकांना मानवतो. मधुमेहाची औषधे चालू असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणातील अंतर वाढवूच नये.

‘चहा सोडला की मायग्रेन गेले’ आणि ‘कडक चहा हेच औषध’

कॅफिनबाबत दोन्ही टोके चुकीची. थोडे कॅफिन वेदनाशामकाचा परिणाम वाढवते, म्हणून काही गोळ्यांत ते घातलेलेच असते. रोज जास्त घेतले की मेंदूला त्याची सवय होते आणि खंड पडला की १२ ते २४ तासांत डोके दुखू लागते. हे दुखणे आठवडाभरही चालू शकते. ‘डिटॉक्स’च्या पहिल्या दिवशी चहा एकदम बंद करणाऱ्यांची फजिती इथेच होते. रविवारी उशिरा उठल्यावर येणाऱ्या अटॅकमागेही लांबलेली झोप, लांबलेला नाश्ता आणि लांबलेला चहा अशी तिहेरी चूक असू शकते. चहाच्या कपात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम आणि कॉफीच्या मगात ८० ते १०० मिलिग्रॅम कॅफिन असते. दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत आणि रोज त्याच वेळी, हा व्यवहार्य नियम. कमी करायचे तर चार-पाच दिवसांनी एक कप या गतीने.

‘व्यायामाने डोके दुखते, तेव्हा आरामच बरा’

अटॅक चालू असताना हे खरे आहे. हालचालीने दुखणे वाढणे हे मायग्रेनच्या निदानाचेच एक लक्षण. त्या दिवशी व्यायाम करू नये. पण दोन अटॅकच्या मधल्या दिवसांतला नियमित व्यायाम अटॅक कमी करतो. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे ९१ रुग्णांचे तीन गट करून तीन महिने पाहिले गेले. एक गट आठवड्यातून तीनदा ४० मिनिटे सायकल चालवी, दुसरा शिथिलीकरण करी, तिसरा टोपिरामेट हे प्रतिबंधक औषध घेई. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तिन्ही गटांत अटॅक घटले, परिणामात लक्षणीय फरक नव्हता, आणि दुष्परिणाम फक्त औषधाच्या गटात आढळले. त्या ४० मिनिटांत १५ मिनिटे शरीर तापवण्याची, २० खऱ्या श्रमाची आणि ५ हळूहळू थांबण्याची होती. दिल्लीच्या एम्समध्ये १६० रुग्णांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत औषधाला योगाभ्यासाची जोड मिळालेल्यांचे अटॅक आणि गोळ्या, नुसत्या औषधावर असलेल्यांपेक्षा अधिक घटल्या. व्यायाम औषधाच्या जोडीला घ्यायचा असतो. प्रतिबंधक गोळी परस्पर बंद करणे चूक.

ज्यांचे डोके खरोखरच व्यायामानंतर उठते, त्यांच्यात बहुधा व्यायामाभोवतीची परिस्थिती दोषी असते: उपाशीपोटी जिम, पाणी न पिणे, एप्रिल-मे महिन्यांत नऊनंतरचे ऊन, तयारीशिवाय एकदम धावणे, श्वास रोखून वजन उचलणे. तासभर आधी एखादे केळे किंवा मूठभर फुटाणे खावेत आणि पाणी प्यावे. आरंभ दहा मिनिटांच्या चालण्याने करून दर आठवड्याला पाचच मिनिटे वाढवावीत. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतपत वेग सुरुवातीला पुरे. शीर्षासनासारखी डोके खाली नेणारी आसने सुरुवातीला नकोत.

उद्दिष्ट रोजचे ठेवणे ही या आजारातली मोठी चूक आहे. घड्याळातली १०,००० पावलांची अखंड मालिका एका अटॅकने तुटते, आणि ती वाचवण्यासाठी दुखत्या डोक्याने चालले की अटॅक लांबतो. जागतिक आरोग्य संघटनेचे मापच मुळी आठवड्याचे आहे: मध्यम श्रमाची १५० मिनिटे. मायग्रेन असलेल्याने महिन्याचा हिशेब धरावा. महिन्यात सहा दिवस अटॅकचे जात असतील तर बेत चोवीस दिवसांचाच आखावा. अटॅकनंतरचा थकव्याचा दिवस हलक्या फेरीचा. बुडलेला व्यायाम दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरून काढू नये.

‘वजन घटले की मायग्रेन जाईल’

स्थूलपणात अटॅकची संख्या जास्त असते, हे नाते अनेक अभ्यासांत दिसते. पण २०१८ च्या एका अमेरिकी चाचणीत, वजन घटवलेल्या स्त्रियांचे अटॅक जितके कमी झाले तितकेच केवळ मायग्रेनविषयी शिक्षण मिळालेल्या स्त्रियांचेही झाले. वजन हृदय, सांधे आणि साखर यांसाठी घटवावे. मायग्रेनमध्ये उतार पडला तर तो वरचा लाभ.

काट्यावरचा आकडा औषधानेही हलतो, आणि रुग्ण मात्र स्वतःला दोष देत राहतो. फ्लुनारिझिन, अमिट्रिप्टिलिन आणि व्हॅल्प्रोएट या प्रतिबंधक औषधांनी भूक आणि वजन वाढू शकते, टोपिरामेटने घटते. टोपिरामेटने घामही कमी येऊ शकतो आणि मूतखड्याचा धोका वाढतो, म्हणून उन्हाळ्यात व्यायाम आणि पाणी दोन्हींकडे लक्ष हवे. ठोके मंदावणारे प्रोप्रानोलॉल घेणाऱ्याचे ठोके घड्याळाने सांगितलेल्या आकड्यापर्यंत चढतच नाहीत. त्याने दमावरून अंदाज घ्यावा. वजन वाढत असल्यास डॉक्टरांना सांगावे, औषध बदलता येते.

तेल, मासे आणि पूरक गोळ्या

२०२१ साली प्रसिद्ध झालेल्या १८२ रुग्णांच्या चाचणीत माशांतील ओमेगा-३ वाढवून आणि लिनोलिक आम्ल कमी करून सोळा आठवड्यांत डोकेदुखीचे दिवस महिन्याला सुमारे चारने घटले. बांगडा आणि तारली हे या दृष्टीने उत्तम मासे. जवसाच्या चटणीतले ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचे असते आणि त्याचा थोडाच भाग शरीरात माशांतल्या रूपात बदलतो. सूर्यफूल आणि सोयाबीनच्या तेलांत लिनोलिक आम्ल भरपूर असते. मॅग्नेशियम आणि रोज ४०० मिलिग्रॅम रायबोफ्लेविन यांचा काहींना उपयोग होतो, पण ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे.

‘जिमला जाण्याआधी गोळी घेतली की काम झाले’

तीन महिन्यांहून अधिक काळ महिन्यात १५ किंवा जास्त दिवस साधे वेदनाशामक, अथवा १० किंवा जास्त दिवस ट्रिप्टान (अटॅक थांबवण्यासाठीची मायग्रेनची खास औषधे) वा मिश्र गोळ्या घेतल्या की औषधांमुळेच डोके दुखू लागते. व्यायामासाठी रोज गोळी घेण्याची सवय थेट तिथे पोहोचवते. महिन्यात चार किंवा अधिक दिवस मायग्रेन असेल तर प्रतिबंधक उपचारांविषयी न्यूरॉलॉजिस्टशी बोलण्याची वेळ आलेली असते.

श्रम करताना क्षणात शिगेला पोहोचणारी, आजवर कधी न अनुभवलेली डोकेदुखी मायग्रेन समजून अंगावर काढू नये. ती मेंदूभोवतीच्या रक्तस्रावाची असू शकते. हातापायांतला अशक्तपणा, बोलण्यात अडखळ, ताप आणि ताठ मान, शुद्ध हरपणे, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी यांपैकी काहीही असल्यास त्वरित वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. क्षणात शिगेला पोहोचलेल्या दुखण्यात तर थेट रुग्णालय गाठावे.