पहिला हात शेजाऱ्याचा

निकालाच्या दिवशी खोलीचे दार आतून लावून घेणारा विद्यार्थी असो, की फवारणीचे औषध जवळ घेऊन बांधावर बसलेला शेतकरी. त्याच्यापर्यंत सर्वांत आधी पोचतो तो डॉक्टर नव्हे. पोचतो तो शेजारी, वर्गशिक्षक, कचेरीतला सहकारी किंवा गावातली आशा सेविका. त्या घटकेला काय बोलावे व काय टाळावे, हे मात्र त्यांना कोणीच शिकविलेले नसते. मग ‘असले विचार मनात आणू नकोस’ असे बजावून मंडळी घरोघर परततात.

मानसिक आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात निरनिराळ्या मनोविकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांवाचून असल्याचे आढळले. मनोविकारतज्ज्ञांची संख्या वाढावयास हवी, यात वाद नाही. पण ती वाढेपर्यंत संकट थांबून राहत नाही.

सामान्य माणसांना हे काम शिकविता येते काय? याचे उत्तर जवळच मिळते. गोव्यात ‘संगथ’ या संस्थेने स्थानिक बिगरवैद्यकीय व्यक्तींना समुपदेशनाचे शिक्षण दिले. त्यांच्या साहाय्याने सरकारी आरोग्य केंद्रांतील नैराश्य व चिंता यांचे रुग्ण अधिक प्रमाणात बरे झाले, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखविले. पुढे अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत गावचे आरोग्य कार्यकर्ते, समुपदेशक व मनोविकारतज्ज्ञ अशी तीन पायऱ्यांची व्यवस्था उभारण्यात आली. नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. औषधे नवी नव्हती. दाराशी येणारे माणूस नवे होते.

शिकावयाचे ते फार अवघड नाही. उपदेश न करता ऐकून घ्यावे. ‘जीव द्यावा असे वाटते काय?’ हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही समजूत निराधार आहे. कीटकनाशक हाताशी राहू देऊ नये, माणसाला एकटे सोडू नये आणि त्याला डॉक्टरपर्यंत पोचवावे. १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर २०२२ पासून विनामूल्य सल्ला मिळतो, हेही ठाऊक असावे.

पोलिसांचे लचांड मागे लागेल, या भीतीने अशी प्रकरणे वर्षानुवर्षे झाकली गेली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती, असे गृहीत धरले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुने ३०९ कलम जसेच्या तसे उरलेले नाही. कायदा बदलला, चावडीवरची समजूत अजून बदलावयाची आहे.

अर्थात, शिकविलेला शेजारी हा तज्ज्ञाला स्वस्त पर्याय नव्हे. कामाच्या ओझ्याखाली वाकलेल्या आशा सेविकेच्या वहीत आणखी एक रकाना वाढविला म्हणजे योजना होत नाही. तिला मोबदला हवा, वारंवार मार्गदर्शन हवे, आणि तिने पाठविलेल्या रुग्णाला तालुक्याच्या रुग्णालयात डॉक्टर व औषध मिळावयास हवे. ते नसेल तर हे शिक्षण म्हणजे माणसाला उंबरठ्यापर्यंत आणून बंद दार दाखविण्यासारखे आहे. पहिला हात शेजाऱ्याचा असेल; पण शेवटची जबाबदारी शासनाचीच राहते.