मालवणचे प्रवाळ आणि उपग्रहाची नजर

बुलढाणा जिल्ह्यातील धामणगाव बढे शिवारातली कपाशी आणि मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे प्रवाळ ही दोन्ही सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांच्या टप्प्यात साधारण दर 5 दिवसांनी येतात, आणि दोन्हीकडे प्रतिमेतील सर्वांत लहान चौकोन, म्हणजे चित्रबिंदू, 10 मीटर बाजूचाच असतो. एकरभर कपाशीचे असे सुमारे 40 चित्रबिंदू तिची प्रकृती बऱ्यापैकी सांगतात. मालवणात मात्र तेवढेच चित्रबिंदू जवळजवळ मुके राहतात. हिरवे पान निकट-अवरक्त, म्हणजे लाल रंगापलीकडचे अदृश्य किरण जोमाने परतवते, तर पाणी ते वरच्या थरातच गिळून टाकते.

तळाला स्पर्शून परततो तो मुख्यतः निळा आणि हिरवा प्रकाश, आणि तोही खोलीगणिक क्षीण होत जातो. म्हणून अभ्यासक आधी लाटांवरची उन्हाची चकाकी वजा करतात (येथे तेच निकट-अवरक्त किरण उपयोगी पडतात, कारण खोल पाण्यातून ते परत आलेच तर पृष्ठभागावरूनच आलेले असतात), मग निळ्या-हिरव्या पट्ट्यांच्या गुणोत्तरातून खोलीचा परिणाम काढून टाकतात, आणि उरलेल्या छटांवरून वाळू, खडक व प्रवाळ वेगळे करू पाहतात. लक्षद्वीपच्या नितळ पाण्यात ही रीत चालते. खाड्यांच्या गाळाने गढूळलेल्या मालवणात, जिथे प्रवाळांचे पुंजके खडकांतून विखुरलेले आहेत, तिच्यावर फार विसंबता येत नाही.

पाणी तापले की प्रवाळ आपल्या ऊतींतील सहजीवी शैवाल गमावतात आणि पांढरे पडतात. यालाच विरंजन म्हणतात. पांढरा तळ उजळ दिसतो खरा, पण मेलेल्या प्रवाळावर काही आठवड्यांत रानशैवाल चढते आणि चित्रबिंदू पुन्हा काळवंडतो, जणू काही घडलेच नाही. त्यामुळे तळाच्या चित्रापेक्षा पृष्ठभागाचे तापमान अधिक भरवशाचे ठरते: नेहमीच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीहून किमान 1 अंश अधिक असलेली उष्णता 12 आठवड्यांच्या काळात जमवत नेली आणि ती बेरीज 4 अंश-आठवड्यांवर गेली की विरंजनाची, 8 वर गेली की मृत्यूची शक्यता धरतात.

मात्र हा केवळ इशारा असतो. 1987 मध्ये जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात कोणता पुंजका जगला आणि कोणता मेला, हे पाण्यात उतरून, तळावर चौकट ठेवूनच मोजावे लागते.