चोरीस गेलेली बंदूक व दुकानदाराचा वाजवी आकार

ज्या गावांची शिवारे रानास लागून आहेत तेथे भुईमूग, मका, ऊस किंवा भात हाताशी येऊ लागला की रानडुकरांच्या धाडी सुरू होतात, व चार महिन्यांची मेहनत एका रात्रीत जमीनदोस्त होते, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको. अशा ठिकाणी शेतराखणीच्या परवान्यावर घेतलेली ठासणीची अथवा बारा बोअरची बंदूक ही नांगर-कुळवाप्रमाणेच शेतीच्या सामग्रीपैकी एक होय. जनावर मारावयाचे तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे वनखात्याची अनुज्ञा निराळी लागते, हे खरे. परंतु नुसत्या बाराच्या आवाजानेही कळप शिवाराबाहेर जातो, आणि माळ्यावर एकट्याने रात्र काढणाऱ्या राखणदारास त्या आवाजाचा आधार मोठा असतो.

अशी बंदूक चोरीस गेली म्हणजे बहुतेक शेतकरी तीवर पाणी सोडतात. क्वचित ती सापडते. सापडली म्हणजे मात्र आनंदाबरोबर एक नवी विवंचना उभी राहते. बंदूक पोलिसांकडून न्यायालयाच्या ताब्यात, तेथून परवानाधारक शस्त्रविक्रेत्याच्या दुकानी, व मग मालकाच्या घरी, असा प्रवास पुष्कळदा होतो. व शेवटच्या टप्प्यावर दुकानदार हिशेबाचा कागद पुढे करतो. त्यातील किती रक्कम न्याय्य व किती अन्याय्य, हे समजत नसल्यामुळे कोणी मुकाट्याने सर्व भरतो, तर कोणी 'बंदुकीच्या मोलापेक्षा हिशेबच जड' म्हणून ती तेथेच सोडून देतो. दोन्ही गोष्टी सारख्याच अनिष्ट आहेत. सबब या आकाराचे स्वरूप काय, तो केव्हा देय होतो व केव्हा होत नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रथम बंदूक दुकानदाराकडे जातेच का, हे पाहू. चोराकडून जप्त झालेली बंदूक हा खटल्यातील मुद्देमाल असतो. तो मालकास केव्हा द्यावा हे पोलिसांनी नव्हे तर न्यायाधिकाऱ्याने ठरवावयाचे असते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४५१ व ४५७ या कलमांखाली होत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आल्यावर त्यांच्या जागी ४९७ व ५०३ ही कलमे आली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई यांच्या प्रकरणात स्पष्ट सांगितले की, मुद्देमाल पोलीस ठाण्यात वर्षानुवर्षे सडत ठेवू नये. त्याचा पंचनामा करावा, छायाचित्रे घ्यावी, जामीनकतबा लिहून घ्यावा, आणि पंधरा दिवस ते फार तर एक महिना यापलीकडे तो ठाण्यात राहू देऊ नये. नव्या संहितेत तर माल न्यायालयापुढे आल्यापासून चौदा दिवसांत त्याचे विवरण तयार करावे, छायाचित्रे अथवा चित्रफीत घ्यावी, व त्यानंतर तीस दिवसांच्या आत त्याच्या विल्हेवाटीचा हुकूम करावा, असे कलमातच घातले आहे. तथापि अर्ज केल्यावाचून काम पुढे सरकेल अशा भरवशावर कोणी राहू नये. मालकाने परवाना, खरेदीची पावती व फिर्यादीची नक्कल जोडून स्वतः अर्ज द्यावा.

आता खरी मेख येथे आहे. बैल किंवा पंप चोरीस जाऊन सापडला तर तो मालकास सरळ घरी नेता येतो. बंदुकीचे तसे नाही. न्यायालयाचा हुकूम हाती असला तरी त्या दिवशी परवाना चालू असावा लागतो. बंदूकच चोरीस गेली, आता परवाना कशास वाढवून घ्यावा, असा विचार करून पुष्कळजण मुदत टळू देतात. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम २१ प्रमाणे ज्याचा ताबा परवान्याअभावी कायदेशीर राहिला नाही त्याने शस्त्र जवळच्या पोलीस ठाण्यात, किंवा विहित अटींवर परवानाधारक विक्रेत्याकडे, ठेवले पाहिजे. विनापरवाना बंदूक घरी नेल्यास कलम २५ खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, दोन वर्षांपासून पाच वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. बंदूक आपली स्वतःची होती ही सबब तेथे चालत नाही. म्हणून परवाना पुन्हा मिळेपर्यंत बंदूक दुकानी राहते, आणि दर महिन्यास राखणावळ चढत जाते. वडील वारले व मुलाच्या नावे परवाना व्हावयाचा आहे, अशा घरांतही हाच प्रकार घडतो.

यावरून एक गोष्ट उघड होते की, या खर्चाचा मोठा भाग दुकानदाराच्या लोभामुळे नव्हे तर परवान्याच्या खंडामुळे उत्पन्न होतो. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली आहे. त्यामुळे विसर पडण्यास जागाही अधिक झाली. बंदूक चोरीस गेलेली असली तरी मुदतवाढीचा अर्ज फिर्यादीच्या नकलेसह वेळेवर द्यावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. चोरीची खबर तत्काळ ठाण्यावर देणे ही तर परवान्याचीच अट असते. त्या खबरीत नळीवरील क्रमांक व बनावट लिहिलेली असली म्हणजे दूरच्या जिल्ह्यात सापडलेली बंदूकही मालकापर्यंत पोहोचण्याचा संभव राहतो.

आता दुकानदाराच्या हिशेबाकडे वळू. त्यात सामान्यतः तीन प्रकारच्या रकमा असतात: ठेवीची राखणावळ, नोंदी व कागदपत्रांची मजुरी, आणि साफसफाई अथवा दुरुस्ती. या तिहींचा कायदा एकच नाही, आणि गोंधळ होतो तो येथेच.

राखणावळ ही कराराची बाब आहे. आपण होऊन ठेव ठेवली व दर ठरविला, तर तो दर द्यावाच लागेल. दर ठरला नसेल, व मोबदल्याशिवायच ठेव घेतली असेल, तर भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १५८ प्रमाणे दुकानदारास त्याचा आवश्यक खर्च तेवढा मागता येतो. न्यायालयाने वा पोलिसांनी बंदूक दुकानी ठेवविली असेल तर मालकाने दुकानदाराशी काहीच करार केलेला नसतो. अशा वेळी खर्च कोणी सोसावयाचा हे हुकुमातच नमूद व्हावे अशी विनंती अर्जात करावी. हे एक वाक्य अर्जात घालण्यास काही खर्च लागत नाही, परंतु पुढील तंटा त्याने टळतो.

दुसरा प्रश्न असा की, आकार दिला नाही तर दुकानदारास बंदूक अडकवून ठेवता येते काय? त्याच अधिनियमाचे कलम १७० म्हणते की, ज्याने ठेवीच्या हेतूस अनुसरून वस्तूवर श्रम वा कौशल्य खर्च केले, त्याला त्या कामाचे पैसे मिळेपर्यंत ती वस्तू राखून ठेवता येते. सोनार दागिना व शिंपी अंगरखा राखून ठेवतो, तो या न्यायाने. म्हणून चाप बदलला, दस्ता बसविला, गंजलेली नळी आतून साफ करून दिली, तर त्या मजुरीपुरती बंदूक दुकानदारास अडविता येईल. परंतु नुसती कपाटात उभी करून ठेवल्याबद्दल या कलमाने हा हक्क मिळत नाही. सर्व थकबाकीसाठी माल अडविण्याचा सामान्य हक्क कलम १७१ ने पेढीवाले, अडते, धक्केवाले इत्यादी मोजक्या वर्गांस दिला आहे. त्यात शस्त्रविक्रेता नाही. त्याला तो हक्क पाहिजे असेल तर स्पष्ट करार असावा लागतो. यास्तव ठेवीच्या पावतीच्या पाठीमागे बारीक अक्षरांत काय छापले आहे ते सही करण्यापूर्वी कोणाकडून तरी वाचून घ्यावे.

दुरुस्तीविषयी आणखी एक सूचना करणे अवश्य आहे. न सांगता केलेल्या दुरुस्तीचे पैसे मागणारा दुकानदार भेटतो, व त्यास कंटाळून बंदूक गावच्या लोहाराकडे देण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. बंदुकीची दुरुस्ती करणे हेच परवान्याचे काम आहे. लोहार व मालक दोघेही विनाकारण गुन्ह्यात सापडतील. त्यापेक्षा कोणती दुरुस्ती करावयाची व किती रुपयांत, हे आधी कागदावर ठरवावे.

क्वचित चौथीही मागणी पुढे येते, आणि ती सर्वांत अन्यायाची होय. 'ही बंदूक मी रोख पैसे देऊन घेतली. माझे पैसे द्या व घेऊन जा,' असे एखादा दुकानदार किंवा दुसरा कोणी खरेदीदार म्हणतो. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम २७ चे तत्त्व असे आहे की, विकणाऱ्यापाशी जेवढा हक्क आहे त्याहून अधिक हक्क घेणाऱ्यास मिळत नाही. चोरापाशी मालकी नाही, म्हणून त्याच्यापासून घेणाऱ्यापाशीही नाही. त्याने आपले पैसे चोरापासून वसूल करावे. मूळ मालकाने ते का भरावे? शिवाय शस्त्रविक्रेत्याने परवाना व क्रमांक पाहूनच व्यवहार करावयाचा असतो, सबब 'मला ठाऊक नव्हते' हे त्याच्या तोंडी फारसे शोभत नाही. नळीवरील क्रमांक घासलेला असेल तर ते अधिनियमाच्या कलम ८ विरुद्ध कृत्य आहे, व असा माल विकत घेणाऱ्याविषयी सहानुभूती बाळगण्याचे कारण उरत नाही.

ओढ्यात किंवा गंजीत बंदूक सापडली म्हणून ती आणून देणाऱ्या गड्याची गोष्ट निराळी. सापडलेली वस्तू खर्च व श्रम भरून मिळेपर्यंत राखण्याचा हक्क करार अधिनियम इतरत्र देतो. परंतु बंदूक जवळ ठेवणे हाच गुन्हा असल्यामुळे त्याने ती सरळ ठाण्यात द्यावी हे बरे. मालकाने बक्षीस जाहीर केले असेल तर मात्र ते त्यास हक्काने मिळते, व मालकाने ते देण्यात हात आखडू नये.

आकार किती असावा याविषयी एक उदाहरण समजुतीसाठी घेऊ. समजा, दर महिन्यास शंभर रुपये राखणावळ ठरली आहे. खटला व परवान्याचे काम मिळून बावीस महिने गेले, तर बावीसशे रुपये झाले. जुन्या ठासणीच्या बंदुकीला बाजारात त्याहून फारसे अधिक येईलच असे नाही. तोच हुकूम दोन महिन्यांत मिळविला व परवाना चालू असला, तर दोनशे रुपयांत काम भागते, किंबहुना बंदूक न्यायालयातून थेट घरीच येते. दरात दहा-वीस रुपये कमी करून घेण्यासाठी तासभर घासाघीस करणारा मनुष्य अर्ज देण्यात सहा महिने दवडतो, हे आश्चर्य आहे.

या बाबतीत अमेरिकेतील व्यवस्था पाहण्यासारखी आहे. तेथे १९६८ च्या कायद्याने शस्त्रांचा परराज्यांतील व्यवहार परवानाधारक विक्रेत्यांच्या द्वारे व्हावा अशी रचना केली. म्हणून दूरच्या राज्यात सापडलेली बंदूक मालकाच्या गावाजवळील विक्रेत्याकडे येणे हा तेथील नेहमीचा मार्ग आहे. विक्रेता वहीत नोंद करतो, मालकाची पात्रता तपासून घेतो, व त्या कामाचा आकार मागतो. तो बंदुकीच्या किमतीवर नव्हे तर कामावर असावा, ही तेथील चांगल्या विक्रेत्यांची रीत होय. कॅलिफोर्निया राज्याने दोन खाजगी माणसांमधील हस्तांतरात विक्रेत्याने सरकारी शुल्काव्यतिरिक्त दहा डॉलरांहून अधिक घेऊ नये अशी मर्यादा घातली आहे. आणि ताब्यातील बंदूक परत देताना सरकारी यंत्रणेने लावावयाचा प्रशासकीय आकार, ती चोरीस गेल्याची खबर आधीच दिलेली होती असे सिद्ध झाल्यास, माफ होऊ शकतो. ज्याने वेळेवर खबर दिली त्याच्यावर चोरीचा दुसरा दंड बसू नये, हा त्यातील हेतू आपल्याकडील नियमांतही उतरावा अशी मागणी शेतकऱ्यांच्या संस्थांनी करण्याजोगी आहे.

तोपर्यंत आपल्या हाती आहे ते एवढेच की, ठेव देताना विक्रेत्याच्या परवान्यात ठेव स्वीकारण्याची मुभा आहे ना, हे पाहावे. मासिक दर, बंदुकीचा क्रमांक, व नळी, घोडा आणि दस्ता यांची त्या दिवशीची स्थिती पावतीवर लिहून घ्यावी. पैसे देताना प्रत्येक रकमेची निराळी नोंद मागावी. काडतुसे असल्यास त्यांची संख्याही पावतीत स्वतंत्र असावी, कारण परत घेताना वाद बहुधा त्यांच्यावरूनच होतो.