थेंबाच्या पुढे कोण?

काचेवर तेलाचा थेंब सोडा. तो हळूहळू पसरतो, त्याची कड स्पष्ट दिसते. पण ती खरी कड नव्हेच! तिच्याही पुढे तेलाचा अदृश्य पापुद्रा सरकत असतो, केसापेक्षा हजारो पटींनी पातळ. काचेचे अणू तेलाच्या रेणूंना ओढून घेतात, म्हणून ही आघाडीची तुकडी निघते. अशा पापुद्र्याचा माग शास्त्रज्ञ विल्यम हार्डी यांनी १९१९ मध्ये काढला, तोही डोळ्यांनी नव्हे: कोरड्या दिसणाऱ्या काचेवरचं घर्षण बदललं होतं.

अळूच्या पानावर उलटा कारभार. मेणाचे सूक्ष्म उंचवटे, मध्ये अडकलेली हवा. पाण्याला टेकायला जागाच नाही. थेंब घरंगळतो. पान बोटाने चोळून पाहा, मेण निघालं की तिथेच पाणी चिकटेल. खाज सुटली तर जबाबदारी तुमची!