चिमूटभर प्लॅटिनम

सराफाच्या दुकानात हल्ली सोन्याशेजारी प्लॅटिनमच्या अंगठ्याही दिसतात. चांदीसारख्या पांढऱ्या, पण काळ्या न पडणाऱ्या. या धातूचं एक मोठं काम मात्र दागिन्यांच्या बाहेरचं आहे, बरं का! पाण्यातून हायड्रोजन वेगळा काढायला त्याच्याइतका चांगला मदतनीस सापडणं कठीण. पण तो महाग आणि दुर्मीळ. म्हणून कमीत कमी प्लॅटिनममध्ये हे काम कसं भागवायचं, यामागे जगभरातले शास्त्रज्ञ लागले आहेत.

तुम्ही म्हणाल, हायड्रोजनशी आपला काय संबंध? आहे ना! शेतात पडणारा युरिया अमोनियापासून होतो आणि अमोनियाला लागतो हायड्रोजन. आज तो मुख्यतः नैसर्गिक वायूपासून काढतात. अलिबागजवळच्या थळचा खत कारखानाही याच वायूवर चालतो. हा वायू देशाला मोठ्या प्रमाणात बाहेरून आणावा लागतो. शिवाय या पद्धतीने एक किलो हायड्रोजन काढताना नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. तोच हायड्रोजन उन्हाच्या किंवा वाऱ्याच्या विजेवर पाण्यातून काढला, तर हा त्रास वाचतो. म्हणून तर केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपयांचं राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन, असं उद्दिष्ट ठेवलं.

विजेने पाणी फोडण्याची युक्ती तशी जुनीच. १८०० साली इंग्लंडमध्ये निकोल्सन आणि कार्लाईल यांनी बॅटरीच्या तारा पाण्यात सोडून ती करून दाखवली. आपल्याकडे पंजाबात नांगल इथे १९६० च्या दशकात भाक्रा धरणाच्या विजेवर पाणी फोडून खत बनत होतं! या जुन्या पद्धतीत निकेल चालतं, प्लॅटिनम लागत नाही. मग आता ते कशाला? कारण ऊन-वाऱ्याची वीज सारखी कमी-जास्त होते. तिच्याशी चटकन जुळवून घेणाऱ्या नव्या यंत्रांत एक खास पातळ पडदा असतो आणि तिथलं वातावरण आम्लाचं असतं. निकेल त्यात विरघळतं. टिकतं ते हायड्रोजनच्या बाजूला प्लॅटिनम आणि ऑक्सिजनच्या बाजूला इरिडियम, जे प्लॅटिनमहूनही दुर्मीळ.

मी कला शाखेची. त्यामुळे ‘उत्प्रेरक’ हा शब्द मी लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थावरून समजून घेतला. दोन घरं एकत्र आणायची, गाठ बांधून द्यायची आणि आपण मोकळं व्हायचं. प्लॅटिनम तेच करतं. हायड्रोजनचे दोन अणू त्याच्या अंगावर येऊन बसतात, जोडी जमते आणि बुडबुडा होऊन निघून जातात. एखादा धातू अणूंना इतका घट्ट धरतो की सोडतच नाही. दुसरा त्यांना जवळच करत नाही. प्लॅटिनमची पकड अगदी बेताची. सगळी जादू तिथेच आहे.

पण हे काम फक्त वरच्या थरावर चालतं. आतलं प्लॅटिनम नुसतंच बसून! आमच्या बचत गटात ‘एक ग्रॅम सोन्याचे’ दागिने विकायला येतात. आत साधा धातू, वर सोन्याचा पातळ मुलामा. शास्त्रज्ञांनीही हाच मार्ग धरला. प्लॅटिनमचे केसाच्या जाडीपेक्षा हजारो पटींनी बारीक कण करून ते कार्बनवर पसरायचे, म्हणजे जास्तीत जास्त अणू कामाला लागतात. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये याच्याही पुढची पायरी गाठली. टंगस्टन कार्बाइडवर प्लॅटिनमचा जेमतेम एका अणूच्या जाडीचा थर दिला. तो हायड्रोजन काढण्यात जवळपास शुद्ध प्लॅटिनमइतकाच सरस ठरला.

दुसरा मार्ग तर आपल्या शेतातूनच जातो. हरभरा किंवा भुईमूग उपटला की मुळांवर बारीक गाठी दिसतात. त्यातले जिवाणू हवेतल्या नायट्रोजनचं पिकासाठी अन्न करतात आणि ते करताना थोडा हायड्रोजनही सोडतात. तिथे कुठलं आलंय प्लॅटिनम? त्यांच्या विकरात असतं लोह, मॉलिब्डेनम आणि गंधक. यावरूनच धागा धरून डेन्मार्कमधल्या शास्त्रज्ञांनी २००५ मध्ये मॉलिब्डेनम आणि गंधकाच्या संयुगाकडे पाहिलं. यंत्रांच्या ग्रीसमध्ये मिसळतात ना, ती काळी पूड! २००७ मध्ये प्रयोगाने सिद्ध झालं की, तिच्या चपट्या कणांच्या फक्त कडाच हे काम करतात. म्हणून आता कडा वाढवण्याची खटपट चालू आहे. प्लॅटिनमची बरोबरी अजून नाही, पण वाट सापडली आहे.

अर्थात प्लॅटिनम कमी केलं की हायड्रोजन लगेच स्वस्त होईल, असं नाही. एका किलोला कमीत कमी नऊ लिटर पाणी आणि विजेचे ५० ते ५५ युनिट लागतात. मोठा खर्च विजेचाच. पण देशोदेशी अशी हजारो यंत्रं उभी करायची, तर धातू आणायचा कुठून? खाणीतून निघणाऱ्या प्लॅटिनमपैकी सुमारे ७० टक्के एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येतं. वायूसाठी दुसऱ्याच्या दारात उभं राहायचं थांबवून धातूसाठी उभं राहायचं, हा काही सुटकेचा मार्ग नव्हे. आहे तेवढ्यात पुरवून भागवण्याची ही विद्या आपल्याला नवी नाही, म्हणूनच हे संशोधन मला फार जवळचं वाटतं.

सुट्टीत मुलांना हे करून दाखवा. दोन पेन्सिली दोन्ही टोकांना तासा. त्यांची शिसं तारेने ९ व्होल्टच्या बॅटरीला जोडा आणि दुसरी टोकं चमचाभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात बुडवा. मीठ मात्र घालू नका, त्याने क्लोरिन हा विषारी वायू निघतो. खिडकी उघडी आणि काडेपेटी लांब ठेवा. बॅटरीच्या ऋण टोकाकडच्या पेन्सिलीवर जास्त बुडबुडे दिसतील, तो हायड्रोजन. तिकडेच जास्त का, हे मुलीला विचारा. उत्तर तिच्या विज्ञानाच्या पुस्तकात पाण्याच्या सूत्रातच आहे.