सकाळची घाई आणि पोहे

प्रार्थनेच्या वेळी एखादे मूल चक्कर येऊन खाली बसते. विचारले की उत्तर ठरलेले: "सर, वेळच मिळाला नाही." पालक बंधू-भगिनींनो, इंदूरसारख्या पोह्यांच्या गावात हे उत्तर पटत नाही.

पोहे करताना धान भिजवून, भाजून मग चपटे करतात. म्हणजे ते आधीच बरेचसे शिजलेले असतात, पाणी लागताच मऊ होतात. म्हणूनच आपल्याकडचे ठेलेवाले ते उकळत्या पाण्याच्या भगोन्यावर नुसत्या वाफेने गरम ठेवतात. घरीही तसेच करावे. जाड पोहे चाळणीत धुवून निथळू द्या, हळद, मीठ, चिमूटभर साखर लावा. मोहरी, बडीशेप, हिरवी मिरची यांची फोडणी देऊन झाकण ठेवा, एक वाफ पुरे. वरून शेव, जीरावन, लिंबू. मटार असले तर घाला, नसले तर काही अडत नाही.

मात्र पोहे म्हणजे शेवटी तांदूळच. नुसत्या पोह्यांनी प्रथिने फारशी मिळत नाहीत, म्हणून शेंगदाणे किंवा मोड आलेले मूग हवेत. रविवारी दाणे भाजून डबा भरून ठेवला की आठवडाभर काम होते. लिंबू केवळ चवीसाठी नाही, त्यातल्या 'क' जीवनसत्त्वामुळे अन्नातले लोह अंगी लागते.

गॅस संपला? पातळ पोह्यांत दही, नाहीतर दूध-गूळ कालवा. हे काम पाचवी-सहावीची मुले सहज करतील, आणि मुलगेसुद्धा! आईनेच का उठावे?

जिलेबी मात्र रविवारीच.